नंबर नसलेला चष्मा

"दीदी, हा चष्मा घालून पागल लोक शहाणे होतात का?"

माझ्यासारख्याच थेरपीला येणाऱ्या अपर्णा आणि रूपालीनं पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. मी भर थेरपी सेंटरमध्ये, मोठ्यानं विचारलं. सरितादीदी, म्हणजे माझी थेरपिस्ट, खळखळून हसली. "पागल इथं कोणीच नाही, राधिका. तुझं लक्ष पळते. त्याले वापस आणायची प्रॅक्टिस करून राहिलो आपण."

चष्मा म्हणजे व्हीआरचा, तोंडावर डबा बांधल्यासारखा. आत खराखुरा वाटणारा एक वर्ग दिसतो. सर शिकवतात, खिडकीबाहेर ट्रक हॉर्न मारतो, मागचा पोट्टा टिफिन पाडतो. तिकडं पाहिलं की फळा धूसर, वापस वळलं की स्वच्छ. आधी मी सारखी ट्रककडेच. आता ट्रक गेला खड्ड्यात!

पण आईनं आमच्या अख्ख्या तात्यापारा मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं, पोरीच्या डोळ्यांचा नंबर वाढला. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा त्रास, म्हटलं तर लोक काय म्हणतील? सेंटरही म्हणूनच दूर, नव्या रायपुरात. मग काय, शेजारच्या शांतामावशी गाजरं घेऊन हजर. मी मुकाट्यानं खाल्ली.

परवा वर्गात मंदाकिनी मॅडम म्हणाल्या, "बेटा, शनिवारच्या विज्ञान प्रदर्शनात तू नको. तुझी आई महिला मंडळात भेटली होती. डोळ्यांवर ताण नको म्हणे. तुझं मॉडेल आपल्या वर्गातला यशदीप समजावेल."

माझं मॉडेल! पुठ्ठ्याचा वर्ग, बाहेर ट्रक, लक्ष कसं पळतं आणि कसं वळवायचं, सगळं मी बनवलेलं. आणि सांगणार यशदीप, ज्याचं लक्ष जन्मात कधी पळालं नाही?

"मॅडम, डोळे फर्स्टक्लास आहेत माझे. मले एडीएचडी आहे."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी वळलेच नाही.

मॅडमनी हातातला खडू ठेवला. मग म्हणाल्या, "घरी बोलून ये."

घरी बोलले. आईनं कपाळावर हात मारला. "काहून सांगितलं वं? आता मंडळात तोंड कसं दाखवू?"

बाबा रेल्वे ऑफिसातून नुकतेच आलेले, मोजे काढता काढता म्हणाले, "बेटा, जरा सबर कर. उद्या लग्नाच्या वेळी..."

"बाबा, मी नववीत आहे!"

मी दोघांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"हे पहा, मी विचारून नाही राहिली, सांगून राहिली. शनिवारी मॉडेलजवळ मीच उभी राहणार. हे कोणाच्या डोक्यातलं, असं कोणी विचारलं, तर म्हणणार, माझ्याच. तुम्ही दोघं या. नाही आले, तरी मी सांगणारच."