नखाएवढं अंगण

प्रयोगशाळेत त्या रिकाम्या जागेला सगळे अंगण म्हणत. काचेच्या बशीत जंतू दुधावर साय धरावी तसे पसरतात. त्यांच्यावर औषधात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. औषध लागू पडलं, की टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल उरतो. सकाळी आल्या आल्या तिथे कोणी कोणाला चहा झाला का विचारत नसे, अंगण पडलं का विचारत.

जंतूबाईच्या बशीत त्या सकाळी अंगण पडलं होतं, चांगलं ऐसपैस. पण ते नको त्या टिकलीभोवती पडलं होतं.

जंतूबाई हे नाव तिच्या दादाने ठेवलेलं. दादा बसचा ड्रायव्हर. मधुमेहात त्याच्या उजव्या पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि तिच्यात असा जंतू निघाला, की तो कुठल्याच औषधाला जुमानेना. बहिणीने तोच जंतू रीतसर परवानगी काढून प्रयोगशाळेत आणला. तिचं कामच ते. चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण करायचे आणि हात टेकलेल्या जुन्या औषधाबरोबर द्यायचे. चांदीने जंतूची कातडी सैल करायची, औषधाने आत शिरायचं. सुरुवातीला तिने नुसतं औषध लावून पाहिलं, तेव्हा अंगणाचा पत्ता नव्हता. मग कण मनासारखे जमेपर्यंत महिने गेले. शेवटी दोन्ही एकत्र लावलं, तर एवढं मोठं अंगण पडलं, की तिने तिथूनच दादाला फोन केला.

हे औषध माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागतील, आधी उंदीर, मग तपासण्या, हेही तिने सांगितलं होतं. दादाने अंगण तेवढं ऐकलं. सर्जन तेव्हा नुसती बोटं काढू म्हणत होते. बोटं गेली तरी ब्रेक दाबता आला असता. पण दादाने हात जोडून सांगितलं, माझी बहीण औषध करतेय, जरा थांबा. वहिनीने हे कळवलं तेव्हा जंतूबाईने त्याला दटावायला हवं होतं. तिने दटावलं नाही, कारण तिला ते ऐकून बरं वाटलं. घरातल्या कोणी तिच्या बशांना इतकं महत्त्व कधी दिलं नव्हतं.

आता प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी अहवालासाठी सगळ्या टिकल्या एकाच बशीत पुन्हा लावायला सांगितल्या, म्हणून भांडं फुटलं. नुसत्या औषधाभोवतीही तेवढंच अंगण होतं. चांदीने काहीच केलं नव्हतं.

असं का झालं, हे तिला लगेच कळलं. दादाच्या पायात जंतूवर रोज औषधाचा मारा होत होता, म्हणून तो निगरगट्ट झाला होता. इथे तिने त्याला महिनोन्महिने ताज्या खुराकावर वाढवलं, ऊब दिली, औषधाचा थेंब दाखवला नाही. तो लाडावला आणि सगळा निगरगट्टपणा विसरला. असल्या मऊ जंतूला कुठल्याही औषधाने मारलं असतं. खुराकात थोडं औषध घालून त्याला वचकात ठेवायचं, हे नवशिक्यांना तीच शिकवत असे. भावाच्या जंतूच्या वेळीच ती विसरली होती.

तिने जखमेतला ताजा नमुना मागवला आणि सगळ्या टिकल्या नव्याने लावल्या. दुसऱ्या दिवशी नुसत्या औषधाभोवती काही नाही, नुसत्या चांदीभोवती काही नाही. दोन्ही मिळून नखाएवढी बारीक कड. मोठे सर म्हणाले, हे खरं आहे, यावर काम करता येईल. तिला काम करायचं नव्हतं, झोपायचं होतं. पण आधी रुग्णालय गाठायचं होतं.

तिथे वहिनी नुकतीच सर्जनशी बोलून आली होती. आता बोटांवर भागणार नव्हतं. घोट्याच्या वरून कापायचं, थांबलात तर गुडघा, आणि त्यानंतरचं सर्जननी सांगितलंच नाही. दादा तरी आठवडाभर थांबू म्हणत होता.

"बरी आलीस, जंतूबाई," तो म्हणाला. "ह्यांना सांग जरा. सगळे करवत घेऊनच बसलेत."

तिने उभ्या उभ्याच सांगितलं. अंगण खोटं होतं, चूक माझी होती, माझ्या शब्दावर थांबला नसतास तर बोटांवर निभावलं असतं. बोलताना तिचा आवाज कुठेच अडखळला नाही, इतकी ती दमली होती. वहिनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

दादाने पायाकडे बघत विचारलं,

"आणि आता खरं अंगण केवढं पडलंय?"

"नखाएवढं."

"नखाएवढ्यात बस वळत नाही," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग त्याने वहिनीला सर्जनना बोलवायला सांगितलं. "पाय कापला की त्यातला जंतू तू घेऊन जा. ह्या वेळी लाडावू नकोस त्याला."

वहिनी दारात तिच्यापाशी थांबली. ती रागावलेली दिसत नव्हती, तेच जास्त लागलं.

"पुढच्या वेळी अंगण पडलं, तर घरी फोन करू नकोस," ती म्हणाली.

पाय गेला. दादा वाचला. जंतूबाईने कापलेल्या पायातला जंतू आणला आणि पहिल्या खुराकापासून त्यात औषध घातलं. कण पुन्हा केले, पुन्हा फसले, पुन्हा केले. एका सकाळी बशीत अंगण पडलं, नखापेक्षा जरा मोठं, आणि हव्या त्याच टिकलीभोवती. सवयीने तिचा हात फोनकडे गेला. तिने फोन तसाच पिशवीत टाकला आणि सगळ्या टिकल्या पुन्हा लावायला घेतल्या.