सात पाइपांची खरवड

बाबांच्या पायाची रक्तवाहिनी तुंबली होती. चाळीस पावलं चालले की पोटरी ठणकायची, मग ते थांबायचे आणि समोरच्या दुकानाच्या काचेत काहीतरी फार बघण्यासारखं आहे असा चेहरा करायचे. दुकान नळाच्या तोट्यांचं होतं. डॉक्टर ऑपरेशन करायला तयार होते, पण त्यांची अट होती : सहा आठवडे धूर बंद. ऑपरेशनच्या आधी यंत्रात फुंकून घेणार, त्यात धूर दिसला तर तारीख गेली, आणि दुसरी ते देणार नाहीत.

बाबा पंचेचाळीस वर्षं पाइप ओढत होते. पाइप सात, वाराला एक. एक दिवस ओढलेल्या पाइपला सहा दिवस विश्रांती द्यावी लागते, नाहीतर लाकूड आंबतं, असा त्यांचा सिद्धांत. लग्न झाल्यापासून आपल्याला एवढी विश्रांती कुणी दिली नाही, हे आई दर सोमवारी न चुकता ऐकवायची. धुराचा तिला भारी तिटकारा. पडद्यांना वास येतो, उशांना वास येतो, तुमच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकालासुद्धा येत होता, असं म्हणायची. प्रगतिपुस्तक वाईट असलं की मी ‘तुमची मुलगी’ व्हायचे.

तर बाबांनी त्याच संध्याकाळी तंबाखूचे दोन भरलेले डबे आईच्या हातात दिले आणि फेकून दे म्हणाले. फक्त पाइप आणि हत्यारं ठेवू देत, एवढंच मागणं. डॉक्टरही म्हणाले, राहू द्या, हाताला चाळा हवा.

पाइप ओढून ओढून त्याच्या वाटीत आतून काजळीचा थर धरतो. थर नसेल तर लाकूड जळतं, जास्त झाला तर तापून वाटीला चीर जाते. एका नाण्याच्या जाडीइतका राखायचा आणि वरचा खरवडून काढायचा. त्यासाठी रीमर असतो, चार पात्यांचं बोटभर हत्यार, वाटीत घालून हळूहळू फिरवायचं. बाबा हे काम वर्तमानपत्र पसरून, चष्मा नाकावर ओढून करायचे. आई त्या काळ्या भुग्याला खरवड म्हणायची, जशी पातेल्याच्या बुडाची.

मी बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासते. पॅकिंगला लागले होते, बघून बघून मोजायला शिकले, आता माझ्या सहीशिवाय खोकं बाहेर जात नाही. घरात मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. ते कौतुक आहे असं मी धरून चालते.

तिसऱ्या रविवारी मी गेले तर बाबा त्यांच्या सगळ्यात छोट्या, वाकड्या दांडीच्या पाइपात रीमर फिरवत बसलेले, आणि वर्तमानपत्रावर चमचाभर काळा भुगा. मला बरं वाटलं. घरी पोचल्यावर आठवलं, हाच पाइप त्यांनी गेल्या रविवारी माझ्यासमोर साफ केला होता. काजळी काही दाढीसारखी आपोआप वाढत नाही.

पुढच्या रविवारी मी कारखान्यातला मापाचा व्हर्नियर पर्समधून नेला. बाबांनी तोच पाइप खरवडून ठेवला आणि हात धुवायला गेले, तेवढ्यात बाकीच्या सहांबरोबर त्याच्याही वाटीच्या आतलं माप घेतलं. एकोणीस मिलिमीटर. त्यानंतरच्या रविवारी ते हात लावायच्या आधी मोजलं. साडेअठरा. बाकीचे सहा जसेच्या तसे. कारखान्यात यापेक्षा कमी पुराव्यावर मी अख्खा माल परत पाठवलाय.

“बाबा, तुम्ही ओढताय,” मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग व्हर्नियरकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. रीमर पुसून पेटीत ठेवला.

“एखाद्या वेळी,” ते म्हणाले.

त्यानंतर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, पाय हवा की पाइप हवा ते ठरवा, मी रजा काढून, रांगा लावून ही तारीख मिळवलीय, आणि या वयात तुम्हाला लपूनछपून काही करायची हौस आली असेल तर धन्य आहे. आई कणकेच्या हातांनी दारात येऊन म्हणाली की ते नाही ओढत. मी तिला म्हटलं, तू त्यांना पाठीशी घालू नकोस, तू आयुष्यभर तेच केलंस. आई गप्प झाली. आई अशी एका वाक्यात गप्प होत नाही, हे इन्स्पेक्टरच्या लक्षात यायला हवं होतं.

मी डॉक्टरांना फोन करून तारीख सोडून देणार होते. बाबा म्हणाले, फुंकू तर दे मला. पुढे काय ते यंत्र सांगेल.

तो दिवस आला. सिस्टरनी यंत्र पुढे केलं. श्वास भरून घ्यायचा, पंधरा आकडे रोखायचा, मग नळीत हळूहळू सोडायचा. बाबांनी आठाला सोडला. परत घेतला, या वेळी अकराला खोकला आला. सिस्टर शांत होत्या. आईला मात्र समोर कुणी चुकीचं करत असेल तर बसवत नाही. बाबांनी बरणीचं झाकण उलटं लावलं तरी ती दुसऱ्या खोलीतून उठून येते.

“अहो, एवढं काय त्यात? द्या इकडे,” ती म्हणाली. नळी घेतली, पंधरा आकडे मनात मोजले आणि एखादी शाळकरी मुलगी शंखात फुंकेल तशी नीट, एका दमात फुंकली.

यंत्राचा लाल दिवा लागला. आकडा बावीस.

सिस्टरनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे. मग सिस्टरनी नवी नळी लावली, बाबांनी कसेबसे पंधरा काढले आणि फुंकले. हिरवा दिवा, आकडा दोन. डॉक्टरांनी बाबांच्या कागदावर सही केली, चष्मा काढला आणि आईला विचारलं, “आजी, तुम्ही किती वर्षं ओढताय?”

“चार आठवडे,” आई म्हणाली. “यंत्राला काय कळतंय, मला वाटलं ते पेशंटचंच दाखवतं.”

बाहेरच्या बाकावर सगळं निघालं. तंबाखू सोडल्यावर पहिल्या आठ दिवसांत बाबांनी सातही पाइप साफ करून टाकले होते. मग खरवडायला काही उरेना, तेव्हा रीमर लाकडाला लागायला लागला. मग तोही ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन डबे लावायला लागले. बाबा ग्रंथालयात यादी करायचे, त्यामुळे डबे वर्णानुक्रमे. आईला साखर सापडेना. तिने चार दिवस सोसलं. मग दुपारी ते झोपले की कपडे वाळत घालायच्या गॅलरीत, ओल्या चादरीच्या आड उभी राहून ती न फेकलेला तंबाखू भरून रोज एक पाइप ओढायला लागली. कशासाठी, तर काजळी धरावी, आणि त्यांच्या हाताला काम राहावं.

“आज सकाळी पण?” मी विचारलं.

“आज दोन. जिवाला घोर होता.”

मी बाबांकडे वळले. “आणि तुम्ही माझ्यासमोर एखाद्या वेळी म्हणालात.”

“मला तिसऱ्याच आठवड्यात कळलं,” बाबा म्हणाले. “माझ्या पाइपाची कड उजवीकडे काळी होते. काडी उजव्या हातात असते ना. याची डावीकडे जळत होती. आपल्या घरात डावरं कोण आहे?”

मी आतलं माप घेतलं होतं. कड बघितलीच नव्हती.

“मग बोलला का नाहीत?” आईने विचारलं.

“मला वाटलं, तुला गोडी लागली. एवढ्या वर्षांत माझं काहीतरी तुला आवडलं म्हटल्यावर बोलू कसा?” बाबांनी बोटं मिटली, उघडली. “म्हणून पाइप साफ करून ठेवत होतो. बोटं दुखतात आता रीमर फिरवून. पण एकच पाइप रोज ओढतेस, त्याला विश्रांती नाही. पार आंबलाय. तोंड कडू होत नाही तुझं?”

“होतं ना,” आई म्हणाली. “मला वाटलं, तुमच्याकडे तसंच असतं.”

ऑपरेशन झालं. बाबा आता तोट्यांच्या दुकानावरून न थांबता पुढे जातात, येताना मात्र मुद्दाम थांबतात, कारण दुकानदाराशी ओळख झालीय. आईचा पाइप डॉक्टरांनी बंद केला. तिने फार वाद घातला नाही, पण अगदी घातलाच नाही असंही नाही.

दर शनिवारी मी कोळशाची पूड मधात कालवून त्या छोट्या पाइपाच्या वाटीत आतून लावते, जाडी मोजून. रविवारपर्यंत वाळते. बाबा वर्तमानपत्र पसरतात, चार फेरे मारतात आणि म्हणतात, हा काही थर नव्हे, भिंतीच्या गिलाव्यासारखा पडतोय. आई स्वयंपाकघरातून सांगते की तिचा असा पडत नव्हता.