धडधड

दिवाळीनंतर उधव्याकडच्या त्या पाड्यात भूकंपाला कुणी भूकंप म्हणत नव्हतं. आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची. म्हणून सगळे म्हणायचे, धडधड. "रात्री धडधड आली का?" "आली की. कोंबड्यापण उठल्या."

रखमीचं जुनं कुडाचं घर असतं तर डोललं असतं नि उभं राहिलं असतं. पण कुड पाडून विटांचं घरकुल बांधलेलं, आणि आता विटांनाच तडे. नवरा पोरबंदरला बोटीवर खलाशी. घरात ती आणि तिची पोरगी सरिता. सरितानं नववीत शाळा सोडली, मग गुजरात बॉर्डरपलीकडच्या कंपनीत सुपरवायझरशी भांडून तेही सोडलं. तिचं डोकं तापायला चूल लागत नव्हती.

रखमीनं दाराशी स्टीलचे ग्लास एकावर एक रचून ठेवले होते. ग्लास पडले की पळायचं. अख्खा हिवाळा ते पडत राहिले.

ऊन तापायला लागलं तसे हादरे कमी झाले. भीतीनं हिवाळाभर सरकारी तंबूत झोपलेली माणसं परत घरात झोपायला लागली. रखमी मात्र भाकर थापता थापता उठायची, "हाललं" म्हणत अंगणात धावायची. ग्लास आपले उभेच. केस गळून तिचं कपाळ मोठं दिसायला लागलं. जेवण दोन घासांवर आलं, झोप तर नाहीच.

शेजारचा बारक्या बिडी पेटवून बघत बसायचा. "रखमीवहिनी, सरकारनं तुला वेगळी जमीन दिलीय का गं? तुझीच तेवढी हालते."

"तुझी जीभ हालते काका, तिला कसे तडे जात नाहीत?" सरिता म्हणाली.

तो हसला. आईपण हसली, नि सरिताला त्याचाच जास्त राग आला.

मग शाळेच्या पटांगणात आरोग्याची गाडी आली. रांग मोठी, डॉक्टर एकटा. रखमीचा नंबर आला तेव्हा त्यानं मान वर न करता विचारलं, "धडधडतं का?"

"धडधडतं की साहेब. सगळ्या पाड्यालाच धडधडतं."

"आता कमी आहे?"

"पहिल्यापेक्षा कमी. काल तर कोणाला कळलंपण नाही."

डॉक्टर हसला. "घाबरायचं नाही. सवय होईल." पिवळ्या गोळ्यांची पट्टी हातात पडली. प्रेशर मोजायचं यंत्र टेबलावर होतं तिथंच राहिलं. सरिता बाजूलाच उभी होती. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी आई चहा गाळता गाळता उठली. "हाललं."

"कुठं हाललं?" सरितानं तिला मनगटाला धरून दाराशी आणलं. "बघ. पडले ग्लास? पाड्यात हसं करून ठेवलंस नुसतं." वरचा ग्लास उचलून तिनं पाण्यानं भरला नि आईच्या हातात दिला. "पाणी तरी हालतंय का, बघ."

पाणी हालत होतं. काठावरून सांडत होतं.

सरितानं ग्लास घेऊन जमिनीवर ठेवला. पाणी थांबलं. तिनं आईच्या पाठीवर तळहात टेकवला. आत पिठाची गिरणी चालू असल्यासारखं धडधडत होतं.

"आये, हे कधीपासून?"

"त्या साहेबाला सांगितलं ना. धडधडतं म्हणून."

साहेबानं छातीचं विचारलं होतं. आईनं जमिनीचं सांगितलं होतं. आईला मात्र दोन्ही एकच वाटत होतं.

तलासरीच्या दवाखान्यात नर्सनं दंडाचा पट्टा फुगवला, काटा बघितला, परत फुगवला. "एवढं प्रेशर घेऊन हिंडता, मावशी?" गोळी लागली. रोजची, आता कायमची. नर्स समजावत म्हणाली, "इतके महिने भीतीत काढले ना, अंगाला थांबायचं कळत नाही. जमीन थांबली, तुमचं काळीज अजून पळतंय. आता धडधडलं की पळायचं नाही. बसून लांब श्वास घ्यायचा. आणि टेन्शन घ्यायचं नाही."

"रेशनवर मिळतं काय ते, नको म्हणून परत द्यायला?" सरिता म्हणाली.

नर्सनं पुढच्याला हाक मारली.

आंबे उतरवायच्या दिवसांत, भर दुपारी, ग्लास धडाधड कोसळले. माणसं अंगणात आली. बारक्या तर टॉवेलावरच. सरिता विहिरीवरून धावत आली. सगळे होते, आई नव्हती.

रखमी घरात होती. तडा गेलेल्या भिंतीला टेकून, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून लांब श्वास घेत होती. पदरावर सिमेंटचे टवके पडत होते. सरितानं तिला बखोट धरून फरफटत बाहेर काढलं.

"मरायचंय काय आये? धडधड आली, दिसत नाही?"

"मला वाटलं, माझीच आहे," रखमी म्हणाली.

 

रखमी अंगणातच बसली, एक हात मातीवर, एक छातीवर. "आता कोणती चालू आहे गं?"

सरितानं वाकून जमिनीला हात लावला. तिला कळेना. तिचाच हात थरथरत होता.