फुलारी आळीची रहाड

फाल्गुन वद्य पंचमीची सकाळ. गोदावरीच्या संथ, रुपेरी जळावरून कोवळे, केशरकांत ऊन उठले, घाटाच्या पायऱ्या चढले आणि जुन्या नाशकातल्या फुलारी आळीकडे निघाले. दगडी जोत्यांवरून, झिजल्या उंबऱ्यांवरून, वाळत घातलेल्या लुगड्यांवरून ते सरकत गेले. आळीच्या तोंडाशी काँक्रीटचा ट्रक उभा होता.

घरघरत होता मेला! पोटातला डेरा गरागरा फिरवत, धूर ओकत, उभी आळी गिळायला आल्यासारखा.

आणि आळीच्या उदरात निजली होती रहाड. शिळाबद्ध, चतुष्कोण, पुरुषभर खोल. वर्षभर सागाच्या ओंडक्यांखाली, मातीखाली झाकलेली. रंगपंचमीच्या एकाच दिवशी उघडणारी, रंगगर्भा! त्या दिवशी तिच्यात पळसफुलांचा केशरी रंग भरायचा आणि सबंध आळीने धपाधप उड्या घ्यायच्या. सोनार, शिंपी, तांबट, मोमीन. कोण कुठला, कुणी विचारायचे नाही. बाहेर येईल तो केशरी. आज रस्त्यावर काँक्रीट पडले, की ती कायमची गाडली जाणार होती.

सगुणा पतंगे पहाटेपासून चुलाण्यापाशी होती. रहाडीचा मान पतंग्यांचा. तिचा नवरा दामोदर मार्गशीर्षात गेला. वर्ष सरले नव्हते, रंगाला शिवायचे नव्हते. तरी तिने चार पोती पळसफुले कढयांत ओतली होती. "लोक काय म्हणतील, बाई?" जाऊ कुजबुजली. "म्हणू देत," सगुणा म्हणाली आणि तिने आणखी एक लाकूड आत सरकवले.

मुकादम ट्रकवरून उतरला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"मावशी, माल आवळतोय, डेऱ्यातच घट्ट होईल. तासाभराच्या वर नाही थांबता येणार."

"इथं रहाड आहे."

"कुठं? दाखवा की! नकाशात तर काही नाही."

मग काय सांगावे! अप्पा तांबटांनी पिंपळाकडे बोट केले, शफी मिस्त्रींनी विजेच्या खांबाकडे. "छे हो, आमच्या ओट्यापासून सात पावलं!" आणखी कुणी ओरडले, पण ओटा रुंदीकरणात गेला होता, खांब मागल्याच महिन्यात हलला होता, आणि साऱ्या रस्त्यावर नवी खडी दाबून बसवली होती. जन्मभर जिच्यात डुंबले, तिची जागा आळीला सांगता येईना! दरवर्षी दामोदर पावले मोजायचा, टाच आपटून "खणा" म्हणायचा, आणि बाकीचे कुदळी उचलायचे. विचारून ठेवायचे कुणालाच सुचले नव्हते. बायकोलासुद्धा नाही.

मुकादम हसला. सगुणेच्या मस्तकात तिडीक गेली.

ती तरातरा घरात शिरली आणि मुसळ घेऊन बाहेर आली. पदर खोचला. खडीवर मुसळ हाणले.

ठक्क.

एक पाऊल पुढे. ठक्क. आणखी एक. ठक्क. निबर, निष्ठुर, निरुत्तर ठक्क. जाऊ आपले मुसळ घेऊन आली. शेजारणी आल्या, कुणाच्या हातात बत्ता, कुणाच्या हातात पहार. अप्पा तांबट घण घेऊन उतरले. उन्हात धूळ उडत होती, कंकणे किणकिणत होती, आणि आळी आपल्याच अंगणात आपले काळीज शोधत होती. सगुणेच्या तळहातांना फोड आले. आपल्याने होणार नाही असे वाटले, तरी तिने मुसळ पुन्हा उचलले.

"पुरे करा, मावशी! माल वाया जाईल."

"जाऊ दे वाया!"

ठक्क. ठक्क. ठक्क.

धम्म.

मारुतीच्या देवळासमोर सगळे जागच्या जागी थिजले. तिने पुन्हा हाणले. धम्म! पोकळ, गंभीर, पाताळातून आल्यासारखे. सगुणेला रडू फुटले. दामोदर गेल्यापासून ती पहिल्यांदाच चारचौघांत रडत होती.

"खणा," ती म्हणाली.

कुदळी पडल्या. खडी उकरली, माती उपसली, ओंडके निघाले, आणि काळ्या दगडाची ती चौकोनी कूस उन्हाला उघडी झाली. कढया रित्या झाल्या. हंडे आले, बादल्या आल्या, घराघरांतून नळ्या आल्या. गळ्याइतका रंग चढला. सुगंधी, वाफाळता, पळसकेशरी.

मुकादमाने घड्याळ पाहिले. "पूजा करून घ्या आणि बाजूला व्हा. खड्डा निघाला तर भरून घ्यायचा हुकूम आहे मला." त्याने हात केला. ट्रक घरघरत पुढे सरकला, त्याची पन्हळ रहाडीच्या दिशेने वळली.

पहिली उडी मानकऱ्याची. मानकरी राहिला नव्हता. अप्पा तांबटांनी सगुणेकडे पाहिले, आणि वाटेतून बाजूला झाले.

ती धावली. साठीला टेकलेली, फिक्या लुगड्यातली, मोकळ्या कपाळाची सगुणा धावली आणि काठावरून तिने अंग झोकून दिले. धप्पा! पाण्याखाली गेली, वर आली ती नखशिखान्त केशरी. केसांतून, पापण्यांतून, हनुवटीवरून रंग ओघळत होता, आणि पन्हळ तिच्या डोक्यावर होती.

"ओत!" ती गरजली. "ओत आता तुझा माल माझ्या डोक्यावर!"

मुकादमाचा हात हवेतच राहिला.

मागून जाऊने उडी घेतली. शफी मिस्त्रींनी घेतली, अप्पांनी चष्म्यासकट घेतली. आळी उतरली, आळी उसळली, आळी रंगली. प्रत्येक उडीसरशी केशरी लाट काठ ओलांडत गेली, खडी भिजवत गेली, ट्रकच्या चाकांपर्यंत गेली. आणि चाके, हळूहळू, मागे फिरली.