डोहातला महाशीर

उत्तरेश्वरांच्या धाकट्या लेकीचं, दीपमालाचं, लग्न झालं ते दोन हजार चार साल. वारज्याच्या कार्यालयात बुफे होता. हात धुवायच्या जागेशेजारी उष्ट्या ताटांसाठी मोठाले टब ठेवले होते. वधूपिता असूनही उत्तरेश्वर फेट्यासकट तिथंच खिळून उभे राहिले, कारण त्यांचा पंधरा वर्षांचा नातू शुभंकर तीन गुलाबजाम, अख्खी पोळी आणि भाताचा ढीग टबात सारत होता.

“अरे, एवढं घेतलंस कशाला?”

“चिल, आबा! बाबांनी पर प्लेट पैसे दिलेत. खाल्लं काय, टाकलं काय, सेमच.”

घरी त्यांनी हा विषय काढला, तेव्हा नारायण पेठेतून आलेली सून पूर्णिमा शांतपणे म्हणाली, “आबा, दुष्काळ संपला. बहात्तर सालचा.”

उत्तरेश्वर गप्प बसले. त्या दुष्काळात बार्शीकडे त्यांनी खडी फोडली होती. मजुरांना वाटल्या जाणाऱ्या पौष्टिक पिठाची, सरकारी सुकडीची, वाटी बोटानं निपटून खाल्ली होती. पण तेच ते किती वेळा सांगायचं? सांगून सांगून जिभेला घट्टे पडले होते. मुलगा आनंद हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, घरी यायचा तो झोपायला. कालचा भात आज कचऱ्यात, गेल्या वर्षीचे बूट यंदा कचऱ्यात. बोललं की घर तोंड फिरवी. शेवटी उत्तरेश्वरांनी बोलणंच सोडलं. दिवाळी झाली की गावी निघून जायचं, ते कायमचं, असं मनाशी ठरवून त्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. कशाला काढली, हे कुणी विचारलंही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शुभंकरची आणि त्याच्या मित्रमंडळींची डोंगरातली सहल ठरली होती. आनंदनं अमेरिकेहून मासेमारीची काठी आणली होती. हलकी काठी, लांब दोरी, टोकाला गळ लपवलेली पिसांची खोटी माशी. मासा फसला की फोटो काढायचा आणि त्याला परत सोडायचा, असा तो खेळ. आनंद स्वतः नेणार होता, पण ऐनवेळी कंपनीचं काम निघालं.

“आबा, तुम्ही जा ना सोबत. दोन दिवस नुसतं बसायचंय.”

नुसतं बसायची उत्तरेश्वरांना एव्हाना सवय झालीच होती. ते गेले.

वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत ओढ्याचा एक डोह होता. काठावर चार मुलांचे दोन तंबू लागले. सोबतीला गावातले दत्तोबा होते. सत्तरी उलटलेला माणूस, जन्मभर मासे धरून पोट भरलेला. ती पिसांची माशी तळहातावर घेऊन ते म्हणाले, “माशाला बी फशिवलं, माशीला बी! लई हुशार झालं की शहर.”

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तोबा सरपणाला गेले असताना शुभंकरच्या काठीला हिसका बसला. हातभर लांबीचा, सोनेरी खवल्यांचा महाशीर! मुलं आनंदानं किंचाळली. फोटो निघाला. मग सगळ्यांचा एकेक फोटो हवा, नाहीतर अन्याय! मासा एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागला.

“ए, माझे डोळे मिटले! परत काढ,” शुभंकरची मैत्रीण चैताली म्हणाली.

मासा तोंड उघडत होता, मिटत होता. खडकावर बसलेल्या उत्तरेश्वरांना ते दिसत होतं. ‘सोडा रे त्याला आता,’ हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. पण आपलं कोण ऐकतंय, असं वाटून त्यांनी ते गिळले.

अखेर शुभंकरनं मासा पाण्यात सोडला. तो पोट वर करून तरंगू लागला. शुभंकरनं त्याला सरळ केलं. मासा पुन्हा उलटला.

“हा पोहत का नाही?” चैतालीनं विचारलं.

मग शुभंकर ओशाळून म्हणाला, “जाऊ दे. फेकू तिकडे झाडीत. कावळे खातील.”

“थांब!”

दत्तोबांनी मोळी खाली टाकली होती. “खायचा न्हवता, तर धरला कशापायी?”

“सोडणारच होतो आम्ही. चुकून मेला.”

“मेला न्हाय, मारला. आता टाकायचा न्हाय. आमच्यात मारलेला मासा टाकत न्हाईत. टाकला म्हंजी त्यो फुकट मेला.”

“ई! डोळ्यांसकट?” चैताली मागे सरकली.

“हाटेलात खाता का न्हाय?”

“तिथं फ्राय असतो,” शुभंकर पुटपुटला.

“म्हंजी माराया दुसरा, खरकटं काढाया तिसरा, आन् तुमी निस्ते खानार!” मग दत्तोबा उत्तरेश्वरांकडे वळले. “पाव्हणं, तुमी तर हितंच बसला व्हता. बोलला का न्हाय?”

“सांगून सांगून थकलोय, दत्तोबा.”

“मासा मराया लागल्यावर थकून कसं चालंल?”

उत्तरेश्वरांची मान खाली गेली. खरंच! पोरांनी मासा मारला, पण आपण तरी काय केलं? ओठांवर आलेला शब्द टाकून दिला!

ते उठले. “शुभंकर, ये इकडे. कोयता धर. मी दाखवतो.”

शुभंकरनं मासा कापला. पोटात थोडं शेवाळ निघालं आणि दोन बारीक गोगलगायी. त्यानं त्या तळहातावर घेतल्या.

“आबा, हा पण सकाळी खायलाच निघाला होता,” तो म्हणाला आणि रडू लागला.

निखाऱ्यावर मासा भाजला. भाकरीबरोबर सहा जणांत तो थोडा थोडा वाट्याला आला. चैतालीनंही खाल्ला. काट्याला कणभर मांस राहिलं नाही. जेवता जेवता उत्तरेश्वरांनी सुकडीच्या वाटीची गोष्ट सांगितली, आणि या वेळी ती मुलांनी शेवटपर्यंत ऐकली.

घरी आल्यावर शुभंकरला ट्रंक दिसली. “आबा, ही कशाला काढलीय?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. उत्तरेश्वरांनी खरं ते सांगितलं. शुभंकरनं स्टूल आणलं आणि ट्रंक परत माळ्यावर चढवली.

त्या संध्याकाळी त्यानं वाटीभरच भात घेतला आणि ताट बोटानं निपटलं. पूर्णिमा म्हणाली, “काय रे, दुष्काळ परत आला वाटतं?”

“नाही, आई. मासा मेला.”

त्यानं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णिमानं रात्रीचा उरलेला भात फोडणीला टाकून आनंदच्या डब्यात भरला.

वाचकहो, बाजार आता आपल्या दाराशी आला आहे. हवं ते, हवं तेवढं मिळतं. पण पैसे दिले म्हणून टाकायचा हक्क मिळत नाही. प्रत्येक घासामागे कुणाचा तरी जीव आणि कुणाचे तरी हात असतात. लागेल तेवढंच घ्या, घेतलं ते संपवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, थकला असाल तरी योग्य वेळी एक शब्द बोला. न बोललेला शब्दही वायाच जातो.

दत्तोबा दोन हजार सहा सालच्या फाल्गुनात गेले. उत्तरेश्वर गेले ते नऊ जानेवारी दोन हजार अकराला. तेराव्याला शुभंकरनं स्वतः वाढलं, प्रत्येकाला विचारून विचारून. त्या दिवशी उष्ट्यासाठी टब ठेवावा लागला नाही.