एका बोटाचं मेंडोलिन

श्यामसुंदरला अर्धांगाचा झटका आला आणि बँकेतली नोकरी सुटली. बोलणं लवकर सुधारलं, डावा पाय जरा ओढत का होईना चालायला लागला. हटून बसला तो डावा हात. त्यातलं एक बोट तेवढं ताठ उभं राहायचं आणि जोर द्यायचं. बाकीची बोटं झोपलेल्या माणसासारखी. आणि मेंडोलिन वाजवणाऱ्याचं सगळं घरदार असतं डाव्या हाताच्या बोटांत.

ऐन तारुण्यात त्यानं ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवलं होतं. लग्नानंतरही दर शनिवारी कार्यक्रम असायचे. जयमालाला तो पहिल्यांदा दिसला होता तोही स्टेजवर, मान एका बाजूला टाकून वाजवताना. आता ते मेंडोलिन कोपरखैरण्याच्या त्यांच्या सिडकोच्या घरात भिंतीला टांगलेलं असायचं आणि तो त्याच्याकडे पाठ करून बसायचा. व्यायाम शिकवणारी बाई म्हणायची, "वाद्य घ्या ना हातात, त्यानंच बोटं सुटतील." त्यावर तो नुसता हसायचा. एकदा जयमालानं फारच आग्रह केला तेव्हा म्हणाला, "अगं, ओळ सुरू करतो आणि मध्येच हात थांबतो. अर्धवट गाणं ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं."

तो कुणाशी भांडायचा नाही, कुरकुरायचा नाही. भाजी खारट झाली तरी मुकाट जेवायचा. जयमालाला त्याचीच जास्त भीती वाटायची.

त्यांची मुलगी प्राची वाशीला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिनं पहिली कल्पना काढली ती कॉम्प्युटरचीच. "बाबा, थोडं वाजवायचं, थांबायचं, परत पुढचं वाजवायचं. नंतर सगळं जोडता येतं." तिनं त्याला क्लासमध्ये नेऊन दाखवलंही. मात्र श्यामसुंदर पाच मिनिटांत उठला. "आयुष्यभर बँकेत आकड्यांकडे बघत बसलो. आता सुरांकडेपण काचेतनं बघू?"

प्राची रुसली, पण चौकशी सोडली नाही. कॉम्प्युटर नको असेल तर नुसतं मशीनही मिळतं, असं तिला कळलं. एकच माणूस आधी एक सूर भरतो, मग हेडफोनवर तो ऐकत त्याच्यावर दुसरा, मग तिसरा; प्रत्येक वेगळ्या ट्रॅकवर राहतो आणि शेवटी सगळे एकत्र वाजतात. हे ऐकून जयमालानं श्यामसुंदरला विचारलंच नाही. शनिवारी टॅक्सी बोलावली आणि दोघांना घेऊन दादरच्या वाद्यांच्या दुकानात गेली.

दुकानातला मुलगा तरतरीत होता. त्यानं सरळ नवं डिजिटल मशीन पुढ्यात ठेवलं. आठ ट्रॅक, आत कॅसेटच नाही, खरखर नाही, चुकलं तर एक बटण दाबून मागे जायचं. छोट्याशा पडद्यावर हिरवी अक्षरं लुकलुकत होती. प्राचीचे डोळे चमकले. "आई, हेच. पुढची दहा वर्षं बघायला नको."

"यांना बघू दे आधी," जयमाला म्हणाली.

श्यामसुंदर स्टुलावर बसला. मुलगा म्हणाला, "सर, ट्रॅक निवडायला हे बटण धरून ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं ते दाबायचं." श्यामसुंदरनं उजव्या हातानं एक बटण धरलं. डावा हात उचलला, तो दुसऱ्या बटणाशी पोचला आणि घसरून मांडीवर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक तिकडे बघायला लागलं.

"चला घरी," तो म्हणाला.

आपण माणसाला उगाच बाजारात आणून उघडं पाडलं, असं जयमालाला वाटलं. ती त्याला उठवायला वाकली. पण तो उठलाच नाही. तो खालच्या फळीकडे बघत होता.

"ते काय आहे?"

"ते जुनं मॉडेल आहे सर. कॅसेटवर चालतं. फक्त चार ट्रॅक. हल्ली कुणी मागत नाही."

"काढा बरं."

मुलानं धूळ झटकून ते वर ठेवलं. पडदा नव्हता, अक्षरं नव्हती. चार ट्रॅकला चार सरकत्या पट्ट्या, वर गोल बटणं, बाजूला कॅसेटचं झाकण. श्यामसुंदरनं अंगठ्यानं एक पट्टी वर ढकलली. मग सहज म्हणून डाव्या हाताचं ते एकुलतं एक बोट दुसऱ्या पट्टीवर ठेवलं. तीही सरकली.

"रेकॉर्डिंग सुरू करताना हात वाद्यावर असतो. मग बटण कोण दाबणार?" त्यानं विचारलं. बँकेतल्या काउंटरवर बसून गिऱ्हाइकाला विचारावं तसा आवाज लागला होता. जयमाला चमकली. हा आवाज तिनं किती तरी महिन्यांत ऐकला नव्हता.

"याला पायानं दाबायचं पेडल लागतं सर. पाय दाबला की रेकॉर्डिंग सुरू, परत दाबला की बंद. आधीचं-नंतरचं भरलेलं जागच्या जागी राहतं."

श्यामसुंदरनं चपलेतून उजवा पाय काढला आणि पेडल दाबून बघितलं. पुन्हा पुन्हा दाबलं.

"बाबा, कॅसेटला खरखर येते हो," प्राची कळवळून म्हणाली. "आणि चारच ट्रॅक!"

"आमच्या ऑर्केस्ट्राच्या कॅसेटवर काय यायचं मग? गुलाबपाणी?" तो म्हणाला. "प्राची, तुझं मशीन चांगलंच आहे. पण ते दोन हातांच्या माणसाचं आहे. हे माझं आहे."

मग प्राचीनंच मुलाला सांगितलं, "हेच द्या. पेडल, हेडफोन आणि बरासा माइकपण."

मशीन घरी आलं; पण आलं म्हणजे लगेच वाजलं असं नाही. टॅक्सीतून उतरेपर्यंत श्यामसुंदरचा उत्साह मावळला होता. खोकं पलंगाखाली गेलं. जयमालानं विचारलं की म्हणायचा, "तुकडे जोडून वाजवणं म्हणजे गोधडी शिवणं. त्याला वादन म्हणत नाहीत." जयमालानं एकदाच उत्तर दिलं, "गोधडी ऊब देते की नाही?" आणि विषय सोडून दिला. ती बेलापूरला एका ऑफिसात नोकरी करायची; तिथं दिवसभर मात्र तिच्या डोक्यात तेच घोळायचं. आपण चूक तर नाही ना केली?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी ती कुकर लावत होती. बाहेरच्या खोलीतून मेंडोलिनचा आवाज आला. तिनं गॅस बारीक केला. एकच सूर. लांबवलेला, थरथरता. मग दुसरा, मग पुन्हा पहिला. इतकी संथ, इतकी साधी ओळ, की शिकाऊ पोरगंही कंटाळलं असतं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच, जरा वरच्या सुरात. मग पुन्हा. हा आता चिडणार आणि वाद्य आपटणार, या धास्तीनं ती दाराशी गेली.

तो हेडफोन लावून बसला होता. मेंडोलिन मांडीवर, डाव्या हाताचं एकच बोट तारांवर. तिला बघून त्यानं हेडफोन काढला, मशीनची वायर घरातल्या टेपरेकॉर्डरला जोडायला सांगितली, आणि म्हणाला, "बस इथं."

त्यानं पहिली पट्टी वर केली. तोच एकटा सूर चालू लागला. दुसरी पट्टी वर केली, सूर रुंद झाला. तिसरी वर गेली आणि खोलीत अख्खं मेंडोलिन वाजायला लागलं. भरलेलं, पूर्ण, सगळी बोटं तारांवर असल्यासारखं.

"हे माझं पहिलं बोट," तो पट्टीला हात लावत म्हणाला, "हे दुसरं. आणि हे तिसरं. एका वेळी एकच सूर दाबता येतो ना मला? मग एकेक करून दाबला."

कुकरनं मोठ्यांदा शिटी दिली तेव्हा दोघं भानावर आले.

त्या दिवसापासून घराला शिस्त लागली. रेकॉर्डिंग चालू असताना कुकर नाही, मिक्सर नाही. जयमाला समोर बसून आवाज न करता हातानं ठेका दाखवायची, म्हणजे प्रत्येक ट्रॅक एकाच लयीत राहायचा. चौथ्या ट्रॅकवर त्यानं मुख्य चाल भरायला घेतली. दोन ओळी वाजवायच्या, हात दमला की पायानं बंद, चहा, पुन्हा पायानं सुरू. चाल त्याची स्वतःची होती. ऑर्केस्ट्रात आयुष्यभर दुसऱ्यांचीच गाणी वाजवली होती. आता तुकडे करायचेच तर स्वतःच्या गाण्याचे करू, असं तो म्हणायचा.

एके दिवशी संध्याकाळी तोच म्हणाला, "सयाजीला बोलव. ढोलकीशिवाय हे उभं राहत नाही."

सयाजी मूळचा साताऱ्याकडचा, ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला. वाशीच्या मार्केटात माथाडी होता आणि जवळच, बोनकोडे गावाच्या पलीकडे राहायचा. श्यामसुंदर आजारी पडल्यावर सुरुवातीला यायचा. पण मित्र काही बोलत नाही, वाजवत नाही, हे बघून त्याचं येणं कमी झालं होतं. निरोप मिळताच तो ढोलकी खांद्याला अडकवून दारात हजर झाला.

"वैनी, शामराव वाजवाया लागलं म्हनं? खरं हाय का?"

"तुम्हीच ऐका."

सयाजीनं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाला, "तुमच्यासंगं अजून कोन कोन हाय ह्यात?"

"मीच आहे. सगळा मीच."

"आयला!" सयाजी म्हणाला आणि ढोलकी आवळायला बसला.

पण एक अडचण होती. चारही ट्रॅक भरले होते. श्यामसुंदरनं पुस्तिकेत वाचलं होतं, की पहिले तीन मिळून एका मोकळ्या ट्रॅकवर उतरवता येतात. मग ते तिन्ही रिकामे होतात. पण त्यासाठी चौथ्यावरची चाल पुसावी लागणार होती. पुन्हा पहिल्यापासून वाजवावी लागणार होती.

त्याचं बोट बटणावर अडलं. "इतक्या कष्टानं भरलीय रे."

"पुन्हा वाजवाल की," सयाजी म्हणाला. "आता वाजवता येतंय न्हवं?"

श्यामसुंदरनं जयमालाकडे बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं बटण दाबलं, चाल पुसली गेली आणि तिन्ही बोटांचे सूर एका ट्रॅकवर जाऊन बसले. थोडी खरखर वाढली, पण कुणी तिच्याबद्दल बोललं नाही.

मग ढोलकी सुरू झाली. दोन आवर्तनं झाली असतील नसतील, श्यामसुंदरनं पायानं पेडल दाबून सगळं थांबवलं.

"सयाजी, पळतोयस! लय धर."

"मी पळतूय? तुमचंच मेंडोलिन पेंगतंय!"

"पेंगतंय? ऑर्केस्ट्रातपण तू असाच पळायचास. लोक नाचता नाचता पडायचे."

"नाचायचे तर खरं! तुमच्या लयीवर झोपायचे!"

आवाज चढला. शेजारच्या बाईंनी दार उघडून बघितलं. प्राची नुकतीच क्लासवरून आली होती, ती घाबरून आईला म्हणाली, "आई, थांबव ना त्यांना. बाबांना त्रास होईल."

जयमालानं तिला हातानं गप्प केलं. आजारपणानंतर श्यामसुंदर पहिल्यांदाच कुणाशी तरी भांडत होता. मान एका बाजूला टाकून, लाल होऊन, अगदी मनापासून. ती स्वयंपाकघरात गेली आणि चौघांचा चहा टाकला.