सासरे एकेरीवर येतात

थोरल्या जावयाला 'अहो' आणि धाकट्याला 'अरे', यात जळण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. विचारणाऱ्याला साडू नसणार, एवढं नक्की.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं. "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" असं दिवसभर विचारायचं आणि गिऱ्हाइकानं गोंधळून दिलेल्या उत्तराच्या जोरावर त्याच्या नाकावर काच चढवायची, हा त्याचा धंदा. त्यामुळे बारीकसारीक फरक त्याच्या नजरेतून सुटत नसत. आणि सासऱ्यांच्या बोलण्यातला फरक तर बारीकही नव्हता.

सासरे छापखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांची एक सरळ पद्धत होती. ज्याच्यावर जीव, त्याला एकेरीत हाक आणि वर दोन शिव्या. अशा भाग्यवंतांमध्ये छापखान्यातलं जुनं कटिंग मशीन होतं, मागच्या दारी येणारा बोका होता, दोन्ही मुली होत्या आणि धाकटा जावई होता. उरलेल्या जगाला ते अतिशय अदबीनं वागवत. त्या उरलेल्या जगात छापखान्याचा मालक, करखात्याचे लोक, दातांचे डॉक्टर आणि थोरला जावई असे सगळे एका रांगेत बसलेले होते.

धाकटा गाद्या विकायचा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आला तेव्हा न्हाणीघरातला गळका नळ त्याला दिसला आणि चांगले कपडे घालूनच तो खाली बसला. "अरे, धर की नीट, मेल्या!" असं सासरे ओरडले, आणि तिथंच सोयरीक पक्की झाली. थोरल्यानं मग लगोलग बैठकीतला दिवा बदलायला स्टूल ओढलं होतं. सासरे धावत आले. "राहू द्या, राहू द्या! तुम्ही कशाला हात खराब करता?" त्यांनी स्वतः स्टुलावर चढून दिवा बदलला आणि थोरला मान वर करून, खाली स्टूल धरून उभा राहिला.

"बाबा मान देतात तर तुमचं पोट दुखतं," बायको म्हणायची. "मान नको असलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

तिला काय कळणार? तिला लहानपणापासून 'भवाने' ऐकायची सवय. इथं घरात बायको 'अहो', दुकानात गिऱ्हाईक 'अहो', सासरी सासरे 'अहो'. त्याला 'अरे' म्हणणारं शेवटचं माणूस म्हणजे त्याची आई, आणि ती जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पण हे बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. मोठ्या माणसानं 'मला कुणी शिवी देत नाही' अशी तक्रार कोणत्या तोंडानं करावी?

त्यात त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. सासऱ्यांना चष्म्याचा नवा नंबर काढून देताना त्याच्या लक्षात आलं, की यांना समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही. त्यानं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी औषधाचे थेंब दिले आणि गाडी चालवायची कायमची बंद केली. बातमी डॉक्टरांची, पण शोध जावयाचा. त्या दिवसापासून सासऱ्यांनी त्याला 'तुम्ही' म्हणणंही सोडलं. ते 'आपण' म्हणू लागले. "आपण कधी आलात?" असं ते विचारायचे, तेव्हा थोरल्याला आपण पाहुणे म्हणून आलेले मंत्री आहोत असं वाटायचं.

गाडी मात्र त्यांनी विकली नाही. बिस्किटाच्या रंगाची, वयानं धाकट्या जावयापेक्षा जुनी आणि त्याच्याइतकीच लाडकी. आता ती थोरला चालवायचा आणि सासरे शेजारी हात मांडीवर ठेवून बसायचे. अलीकडे वळण घेतलं की पुढच्या चाकांतून कट-कट-कट असा आवाज यायचा. गॅरेजवाल्यानं खाली वाकून बघितलं. पुढचे दोन्ही ॲक्सल गेलेत, म्हणाला. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारे हे दांडे. टोकांवरचे रबरी बूट फाटले होते, ग्रीस उडून गेलं होतं आणि आतले जॉइंट झिजून खुळखुळे झाले होते.

"गॅरेज कशाला, बाबा?" धाकटा म्हणाला. "नवे ॲक्सल मी आणतो. रविवारी आपण दोघं बसवून टाकू."

'आपण दोघं.' थोरल्याच्या कानात ते दोन शब्द गाडीपेक्षा जास्त कटकटले.

"मीही येतो," तो म्हणाला.

सासरे दचकले. "आपण? छे छे, आपण कशाला तसदी घेता?"

त्या आठवड्यात थोरल्यानं गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात मोबाइलवर ॲक्सल बदलण्याचा व्हिडिओ इतक्यांदा बघितला, की त्यातला दाढीवाला माणूस त्याच्या स्वप्नात यायला लागला. सुरुवातीचा भाग तेवढा त्यानं दर वेळी गाळला. तिथं तो दाढीवाला नुसता स्वतःबद्दल आणि कसल्याशा पूर्वतयारीबद्दल बोलत होता.

रविवारी तो नवीकोरी निळी डांगरी घालून निघाला. तिच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

"अंतराळात चाललात का?" बायकोनं विचारलं आणि तीही मजा बघायला बरोबर निघाली.

अंगणात धाकटा फाटक्या बनियनमध्ये आधीच उकिडवा बसला होता. तेवढ्या फाटक्या बनियनचाही थोरल्याला हेवा वाटला. अशी भोकं विकत मिळत नाहीत.

चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो तो चाक जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो, आणि तेव्हा कुणाला तरी ब्रेक दाबून धरावा लागतो. हे काम सासऱ्यांकडे आलं. किती तरी महिन्यांनी ते आपल्या जागेवर, स्टिअरिंगमागे बसले. त्यांनी आरसा नीट केला. गाडी हलणार नव्हती, तरी केला.

आधी डावी बाजू, म्हणजे धाकट्याची.

"बाबा, दाबा!"

"दाबलाय! तू जोर लाव! गाद्यांवर लोळून लोळून हाडांचा कापूस झालाय तुझ्या!"

"अहो, गंजलाय नट."

"नट नाही गंजला, तुझं डोकं गंजलंय! पाण्यावर उभा राहा, पाण्यावर!"

पान्यावर, असं म्हणायचं होतं त्यांना. आवेशात जीभ घसरली. धाकटा खो खो हसला, सासरेही हसले, आणि लांब पान्यावर उभं राहून त्यानं नट सोडवला. थोरला उजवीकडे उभा राहून हे सगळं ऐकत होता. भरल्या पंगतीत वाढपी आपलं पान सोडून पुढे जावा, तसं त्याला झालं.

मग त्याची पाळी आली. त्यानं पाना चढवला आणि सगळी ताकद लावली. नट हलेना. सासऱ्यांनी खिडकीतून डोकं काढून बघितलं. जावई नट सोडवत नव्हता, आवळत होता. धाकट्यानं हे केलं असतं तर त्याची सात पिढ्यांपर्यंत चौकशी झाली असती. सासरे नुसते खाकरले.

"हं. तशीही एक पद्धत असते," ते म्हणाले.

"उलटं फिरवताय, दादा," पलीकडून धाकटा ओरडला.

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक झाली म्हणून नव्हे. चूक एवढी चोख होऊनही सासऱ्यांचा पारा एक अंशही चढला नाही म्हणून.

गाडी जॅकवर चढवली, खाली आधाराला घोड्या लावल्या, चाकं निघाली. दोन्हीकडचे ॲक्सल बाहेरच्या टोकाला मोकळे झाले. आता फक्त गिअरबॉक्समधली टोकं ओढून काढायची राहिली. तेवढ्यात धाकटा उठला.

"दादा, घमेलं घरीच राहिलं. स्कूटरवर जाऊन आलोच. तोवर काही ओढू नका हं."

तो गेला. थोरल्याला वाटलं, घमेलं हात धुवायला असेल. गादीवाला शेवटी; काम अर्धं टाकून हात धुवायची तयारी! आणि मग त्याच्या मनात तो विचार आला, जो इतिहासात पुष्कळ साम्राज्यांना महागात पडला आहे: हा परत येईपर्यंत आपला आधी निघाला तर?

तो पहार घेऊन गाडीखाली सरकला. सासरे आता समोर स्टुलावर बसले होते. बाजूचं त्यांना दिसत नसलं तरी हे अगदी समोर चाललं होतं. ते चुळबुळले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"म्हणजे… आपल्या लक्षात असेलच म्हणा."

"हो, हो," थोरला गाडीखालून म्हणाला. काय लक्षात असायला हवं याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. पण 'काय?' असं विचारायचं म्हणजे धाकट्याला कळतं ते आपल्याला कळत नाही हे कबूल करायचं.

"नाही, सहज म्हटलं," सासरे म्हणाले. "आपण जाणकार आहात."

इतक्या अदबीनं आजवर कुणाचा घात झाला नसेल. थोरल्यानं पहार घातली, हिसका दिला, आणि ॲक्सल 'फॉक्' करून बाहेर आला. त्याच्यामागून गिअरबॉक्समधलं तेल आलं. काळं, जाड, वर्षानुवर्षं मुरलेलं आणि कुजक्या लसणासारखं घाण वास मारणारं. ते डांगरीच्या बाहीतून आत शिरून काखेपर्यंत पोचलं आणि उरलेलं चष्म्यावर सांडलं. जग काळं झालं.



"अरे गाढवा!"

थोरल्याला वाटलं, धाकटा परत आला.

"अरे, तेल आधी काढायचं असतं, तेल! घमेलं काय तो तुझे पाय धुवायला आणायला गेलाय? चिंधी कोंब त्या भोकात! अंगठा नव्हे, अकलेच्या कांद्या, चिंधी! लोकांचे डोळे तपासत बसतोस आणि तुला एवढं थोरलं तेलाचं बूच दिसलं नाही?"

सासरे गुडघ्यांवर येऊन गाडीखाली डोकं घालून ओरडत होते. अंगणात आणखी कुणी नव्हतं. गाढव आपणच, याची खात्री पटायला थोरल्याला थोडा वेळ लागला. मग तेल ठिबकत असलेल्या काळ्या काचांमागे त्याचे डोळे भरून आले. तेल गेलं असावं.

"कोंबतो, बाबा," तो म्हणाला.

"कोंबतो काय? कोंब!"

धाकटा घमेलं घेऊन फाटकात आला तेव्हा अंगणात काळं डबकं पसरलं होतं. सासरे थोरल्याच्या डोक्याशी बसून त्याच्या बुद्धीचं माप काढत होते.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. ठेव ते तिकडे," सासरे मान न वळवता म्हणाले, आणि परत थोरल्याकडे वळले. "आणि हसतोस काय, निर्लज्जा?"

धाकट्यानं घमेलं ठेवलं. जरा वेळानं तो गाडीखाली थोरल्याशेजारी सरकला आणि हळूच म्हणाला, "मला कधी गाढव नाही म्हणाले."

"मग काय म्हणतात?"

"मेल्या. फार तर बिनडोक."

थोरल्यानं चष्मा पुसला. धाकट्याची ती नजर तो चांगली ओळखत होता. रोज दाढी करताना आरशात दिसायची. "बिनडोकही काही वाईट नाही," तो मोठ्या मनानं म्हणाला.

पुढचं काम असं झालं, की थोरल्याला आयुष्यभर पुरावं. नवा ॲक्सल आत सरकवताना 'खट्' आवाज येईपर्यंत सासऱ्यांनी त्याला दोनदा टोणग्या म्हटलं आणि एकदा त्याच्या हातावर चापट मारली. डावी बाजू धाकट्यानं मुकाट्यानं, एकही चूक न करता बसवली. त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"बाबा, यांना गाढव म्हणालात तुम्ही? शेजारच्या गच्चीवर ऐकू गेलं!"

सासऱ्यांचा हात कपाजवळच थांबला. "मी? यांना?" त्यांचा चेहरा उतरला. ते उठले, धोतर नव्हतं म्हणून पँटच झटकली आणि थोरल्यासमोर उभे राहिले. "जावईबापू, आपण राग मानू नये. कामाच्या भरात तोंडातून गेलं. पुन्हा असं व्हायचं नाही."

'पुन्हा असं व्हायचं नाही.' न्यायाधीश जन्मठेप सुनावतात ती याच आवाजात. थोरल्यानं बायकोकडे असं बघितलं, की ती ट्रे घेऊन दोन पावलं मागे सरकली.

"आणि तू रे, चहा घे की बिनडोका!" सासरे धाकट्याला म्हणाले. धाकट्याच्या तोंडावर ऊन पडलं.

गाडीत नवं तेल भरून झाल्यावर चक्कर मारायची ठरली. थोरला स्टिअरिंगवर, सासरे शेजारी, धाकटा मागे. रविवारचा रस्ता मोकळा होता. पहिल्या कोपऱ्यावर थोरल्यानं गाडी वळवली. कट-कट काही नाही. चाकं लोण्यातून फिरल्यासारखी फिरली.

"उत्तम," सासरे म्हणाले. "आपण फार छान काम केलंत."

मागे धाकटा समाधानानं टेकून बसला.

पुढचा कोपरा आला. थोरल्याचा हात सवयीनं इंडिकेटरकडे गेला आणि मधेच थांबला. त्यानं तो परत स्टिअरिंगवर ठेवला. गाडी तशीच वळली. सासऱ्यांना बाजूचं दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते, आणि चाकांची कटकट गेल्यामुळे न वाजलेली टिकटिक आता स्पष्ट ऐकू येत होती.

"म्हणजे…" सासरे म्हणाले. "आपल्या लक्षात…" त्यांच्या मानेची शीर फुगली.

थोरला आणखी एका कोपऱ्यावर तसाच वळला.

"अरे, इंडिकेटर कोण देणार? तुझा सासरा?"

मागच्या सीटवर धाकटा खिडकीबाहेर बघू लागला.

"चुकलो, बाबा," थोरला म्हणाला आणि त्यानं वायपर सुरू केला.